ग्रहणाच्या दिवशी शाळा उघडी ठेवा

२४ ऑक्टोबर १९९५ हा दिवस दिवाळीला लागूनच आला होता. त्या सकाळी राजस्थानातील नीम का थाना येथून बंगालमधील डायमंड हार्बरपर्यंतच्या एका अरुंद पट्ट्यात खग्रास सूर्यग्रहण दिसणार होते. उत्तर प्रदेशातील ज्या जिल्ह्याचा कारभार तेव्हा माझ्याकडे होता, तो नेमका त्या पट्ट्यात येत होता. ग्रहणाच्या दहाबारा दिवस आधी मुलींच्या एका सरकारी शाळेतील विज्ञानशिक्षिका अर्ज घेऊन माझ्याकडे आल्या. शाळेच्या मैदानावर चाळीस मुलींना जमवून ग्रहण दाखवण्याची लेखी परवानगी त्यांना हवी होती. मुली सूर्याकडे थेट पाहणार नव्हत्या. भोक पाडलेल्या कागदाने आरसा झाकून त्याचा कवडसा वर्गाच्या भिंतीवर पाडायचा आणि सूर्याची कोर तिथे पाहायची, असा त्यांचा बेत होता. खर्च शून्य होता.

मी अर्ज वाचला आणि समासात लिहिले, ‘शिक्षण विभागाने नियमानुसार विचार करावा.’ सनदी सेवेत काही वर्षे काढलेल्या कोणालाही या वाक्याचा अर्थ ठाऊक असतो. एखाद्या मुलीच्या डोळ्याला इजा झाली तर जबाबदार कोण, एखाद्या पालकाने तक्रार केली तर काय, हे प्रश्न माझ्या मनात होते. ग्रहण पाहिले नाही तर मुलींचे काय हरपेल, हा प्रश्न मनात आलाही नाही. परवानगी मिळाली नाही. ग्रहणाच्या सकाळी मी बंगल्याच्या आतल्या खोलीत बसून ते दूरदर्शनवर पाहिले. खिडक्यांचे पडदे ओढलेले होते, आणि तेच ग्रहण त्या क्षणी माझ्या अंगणात उतरले होते.

काही महिन्यांनी त्या बाई निवडणुकीच्या कामासाठी पुन्हा कचेरीत आल्या, तेव्हा त्यांच्याजवळ एक वही होती. परवानगी नसल्याने त्यांनी स्वतःच्या घराच्या गच्चीवर शेजारपाजारच्या अकरा मुली जमवल्या होत्या. किती वाजता पाखरे झाडांवर परतली, हवा केव्हा गार वाटू लागली, लिंबाच्या पानांतून पडणारे कवडसे कोरीच्या आकाराचे कसे झाले, हे सारे मुलींनी पेन्सिलीने टिपून ठेवले होते. शेवटच्या पानावर एका मुलीने प्रश्न लिहिला होता : सूर्य एवढा प्रचंड आणि चंद्र एवढा लहान, तर चंद्राने सूर्य बरोबर झाकला कसा? मी इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी. मला उत्तर देता आले नाही. सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे ४०० पट आहे आणि सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट दूरही आहे, म्हणून आकाशात दोघांची मापे जवळपास सारखी दिसतात, हे मी नंतर वाचले. चौदा वर्षांच्या मुलीला पडलेला तो प्रश्न शाळेत आणि विद्यापीठात मिळून सतरा वर्षे शिकलेल्या मला कधी पडला नव्हता, याची बोच मात्र आजही आहे.

पंधरा वर्षांतील बदल

ग्रहणाबाबतचा भारतीय समाजाचा आणि शासनाचा दृष्टिकोन कसा बदलला, हा आधुनिक इतिहासातील एक दुर्लक्षित विषय आहे. १६ फेब्रुवारी १९८० रोजी दुपारी कर्नाटक, आंध्र आणि ओडिशातून खग्रास ग्रहणाची छाया सरकली. ते पाहण्यासाठी देशोदेशीचे शास्त्रज्ञ आले होते. भारतीय शहरांतील रस्ते मात्र ओस पडले होते आणि जिथे ग्रहण केवळ खंडग्रास होते तिथेही लोकांनी दारे लावून घेतली होती. दूरदर्शनने त्या दुपारी चित्रपट दाखवला आणि लोकांना घरात बसण्याचे एक निमित्तच पुरवले.

१९९५ मध्ये त्याच दूरदर्शनने ग्रहणाचे थेट प्रक्षेपण केले आणि प्रा. यशपाल यांनी सोप्या, आनंदी भाषेत देशाला ते समजावून सांगितले. लाखो लोक घराबाहेर पडले. या बदलामागे विज्ञान चळवळींचे अनेक वर्षांचे काम होते, तसेच राज्यसंस्थेने बदललेली भूमिकाही होती. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे १९७६ पासून घटनेच्या कलम ५१-क नुसार नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. नागरिकाने ते कर्तव्य पार पाडावे म्हणून शासन काय करते, याचे एक ठळक उत्तर त्या दिवशी मिळाले.

पुढे ८ जून २००४ आणि ६ जून २०१२ रोजी शुक्राच्या अधिक्रमणांच्या वेळी, आणि २६ डिसेंबर २०१९ रोजी केरळ, कर्नाटक व तमिळनाडूतून कंकणाकृती ग्रहण दिसले तेव्हाही, मुलांच्या रांगा लागल्या. पण या यशातच एक उणीव दडलेली आहे. आकाशाकडे पाहणे हा आपल्याकडे सोहळा झाला, सवय झाली नाही. ग्रहण संपले की चष्मे कपाटात जातात आणि दहावीची मुले पुन्हा प्रश्नोत्तरांच्या मार्गदर्शिकेकडे वळतात.

एक काठी आणि तिची सावली

माध्यमिक शाळेत विज्ञानाची गोडी लावण्यासाठी खगोलशास्त्रच का, याचे पहिले उत्तर व्यवहाराचे आहे. देशातील असंख्य शाळांत प्रयोगशाळा म्हणजे कुलूपबंद खोली असते. आकाशाला कुलूप नाही. मैदानात एक मीटर उंचीची काठी सरळ रोवली की प्रयोगशाळा सुरू झाली.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. विज्ञान म्हणजे माहितीचा साठा नव्हे, हे आपण भाषणात म्हणतो आणि परीक्षेत विसरतो. ‘पृथ्वी गोल आहे’ हे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते, पण ‘तुला कसे कळले?’ असे विचारल्यास तो पुस्तकाकडे बोट दाखवतो. दिल्ली आणि कन्याकुमारी ही दोन ठिकाणे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. २३ सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे विषुवदिनी, दोन्हीकडच्या शाळांनी काठीची दिवसातील सर्वात आखूड सावली मोजावी. एक मीटरच्या काठीची सावली दिल्लीत सुमारे ५४ सेंटिमीटर भरेल, कन्याकुमारीत अवघी १४. त्यावरून सूर्यकिरणांच्या कोनांतील फरक सुमारे साडेवीस अंश निघतो. दोन्ही ठिकाणांमधील सरळ अंतर सुमारे २,२८० किलोमीटर आहे. साडेवीस अंशांना एवढे अंतर, तर ३६० अंशांना किती? नववीतल्या त्रैराशिकाने पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटरच्या आसपास येतो. दोन काठ्या, दोन फोन आणि एक भागाकार यांतून मुलांना जे गवसते ते त्यांचे स्वतःचे असते. एराटोस्थेनिसने हीच रीत सव्वाबावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये वापरली होती.

या काठीचे भारतीय उपयोग आणखी आहेत. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस वर्षातून दोन दिवस भरदुपारी काठीची सावली पायाखाली नाहीशी होते. बेंगळुरूत हे दिवस २४-२५ एप्रिल आणि १८ ऑगस्टच्या सुमारास येतात, दिल्लीत कधीच येत नाहीत. हे का, असे विचारताच ऋतूंचा विषय निघतो. पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा होतो, असे पदवीधरही सांगतात. प्रत्यक्षात दिल्ली जेव्हा थंडीने काकडत असते त्या जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते, जुलैतल्यापेक्षा सुमारे ५० लाख किलोमीटर जवळ. ही एक विसंगती वर्गात मांडली की पाठांतर कोलमडते आणि विचार सुरू होतो.

आसामच्या चहामळ्यांत आजही घड्याळे भारतीय प्रमाणवेळेपेक्षा तासभर पुढे ठेवण्याची प्रथा आहे. तिथल्या विद्यार्थ्याने आपली खरी मध्यान्ह गुजरातमधील विद्यार्थ्याच्या मध्यान्हीशी ताडून पाहिली, तर सुमारे दोन तासांचा फरक त्याच्या हाती येईल. ‘ईशान्य भारताला वेगळी वेळ हवी का?’ हा धोरणाचा प्रश्न त्याला मग कोणी समजावून सांगावा लागणार नाही.

विस्मरणातले पूर्वसूरी

महागड्या उपकरणांवाचून हे होणार नाही, असा आक्षेप हमखास येतो. ओडिशातील खंडपडा संस्थानचे सामंत चंद्रशेखर, लोकांचे ‘पठाणी सामंत’, यांचे (१८३५-१९०४) चरित्र हे त्याला उत्तर आहे. पाश्चात्त्य खगोलशास्त्राशी संपर्क नसताना, दुर्बिणीवाचून, बांबूच्या नळ्या आणि लाकडी पट्ट्या यांच्या साह्याने त्यांनी वर्षानुवर्षे वेध घेतले आणि जुन्या सिद्धान्तग्रंथांतील आकडे प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नाहीत असे आढळल्यावर ते दुरुस्त केले. ताडपत्रांवर लिहिलेला त्यांचा ‘सिद्धान्त-दर्पण’ हा संस्कृत ग्रंथ कटकच्या महाविद्यालयातील प्राध्यापक जोगेशचंद्र राय यांनी १८९९ मध्ये छापून आणला. परंपरेचा आदर आणि परंपरेची तपासणी एकाच माणसात कशी नांदते, हे आपल्या मुलांना याहून चांगले कोण शिकवील?

दुसरे नाव मद्रास वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचारी यांचे. १८६७ मध्ये त्यांनी एक रूपविकारी तारा शोधला. १८७४ च्या डिसेंबरात शुक्राचे अधिक्रमण होणार होते, तेव्हा सामान्य माणसाला ते समजावे म्हणून त्यांनी पुस्तिका लिहिली आणि ती इंग्रजीबरोबर भारतीय भाषांतही काढली. विज्ञान लोकांच्या भाषेत नेण्याचा विचार दीडशे वर्षांपूर्वी एका वेधशाळेतील भारतीय साहाय्यकाने केला होता. पाठ्यपुस्तकांत मात्र त्यांचे नाव अभावानेच भेटते.

तिसरे उदाहरण भूगोलाचे आहे. विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ केला. कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत ७८ अंश रेखावृत्तालगत मोजलेला तो महाकंस पृथ्वीचा आकार ठरवण्यासाठीच होता, आणि त्यासाठी ताऱ्यांचे वेधही घ्यावे लागत. काम चालू असतानाच १८२३ मध्ये लॅम्टन वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तिथेच आहे. साम्राज्याच्या गरजेपोटी झालेले ते काम भारतीय खलाशांच्या, हमालांच्या आणि गणकांच्या श्रमांवर उभे होते. इतिहास, भूगोल, गणित आणि खगोल हे चार विषय इथे एका वर्गात बसू शकतात.

बंद झालेली दारे

मग अडचण कुठे आहे? ती कल्पनांच्या अभावात नाही. आपण चांगल्या कल्पना सुरू करतो आणि त्या रुजू लागल्या की बंद करतो.

१९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. सहावी ते आठवीच्या मुलांनी स्वतः प्रयोग करायचे, निरीक्षणे नोंदवायची, निष्कर्ष काढायचे आणि परीक्षेत पुस्तक उघडून विचार करायचा, असे त्याचे स्वरूप होते. नामवंत संस्थांतील शास्त्रज्ञ गावच्या शिक्षकांबरोबर बसून धडे तयार करीत. १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने तो पुढे नेला, तो सुमारे हजार शाळांपर्यंत पोहोचला आणि २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. तीस वर्षांत घडलेले शिक्षक त्यानंतर पुन्हा खडू आणि फळ्याकडे वळले.

दुसरे उदाहरण अलीकडचे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या ‘विज्ञान प्रसार’ या केंद्रीय संस्थेने ग्रहणांच्या आणि अधिक्रमणांच्या निमित्ताने देशभर शिक्षकांची प्रशिक्षणे घेतली आणि विज्ञान मंडळांचे जाळे उभारले. २०२३ मध्ये ती बंद करण्यात आली. संस्था कार्यक्षम नसेल तर ती सुधारावी वा बदलावी, याला कोणाचा विरोध नसावा. परंतु देशातील वैज्ञानिक जाणिवेची जबाबदारी जिच्या नावावर होती त्या संस्थेची जागा कोण घेणार, याचे उत्तर बंदच्या आदेशासोबत यायला हवे होते.

पाठ्यपुस्तकांचा प्रवासही असाच हेलकावे खात झाला. २०२२ मध्ये अभ्यासक्रमाचा भार हलका करताना राष्ट्रीय परिषदेच्या आठवीच्या विज्ञानातून तारे आणि सूर्यमालेचा धडा वगळला गेला. नव्या ‘क्युरिऑसिटी’ या मालिकेत सहावी, सातवी आणि आठवी अशा तिन्ही इयत्तांत आकाश परतले आहे. आठवीच्या पुस्तकात तर चंद्रकलांपासून दिनदर्शिकेपर्यंतचा विषय आहे. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून लागू झालेली आपली राष्ट्रीय दिनदर्शिका मुलांना त्या निमित्ताने कळेल. ही स्वागतार्ह सुधारणा आहे.

मात्र नववीत गुरुत्वाकर्षण येते तेव्हा त्याचे आकाशाशी असलेले नाते सूत्रांच्या गर्दीत हरवते. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ६० पट दूर आहे. म्हणून तिथे पृथ्वीची ओढ ६० च्या वर्गाने, म्हणजे ३,६०० पटींनी कमी असायला हवी, आणि चंद्राच्या गतीवरून ती तेवढीच निघते. न्यूटनच्या नियमाची ही पडताळणी नववीचा विद्यार्थी वहीच्या एका पानावर करू शकतो. हे पान आपण त्याला देत नाही.

खर्चावाचून होण्यासारखे

उपाय सुचवताना निवृत्त अधिकाऱ्याने संयम पाळावा. नवे मंडळ, नवी योजना, नवे बोधचिन्ह यांची शिफारस करण्याचा मोह मी टाळतो. चार गोष्टी मात्र आज हाताशी असलेल्या साधनांतूनच होण्याजोग्या आहेत.

पहिली, दिवसाच्या खगोलाला प्राधान्य द्यावे. रात्रीच्या आकाशदर्शनाला खेड्यातील मुलींना पालक सहसा पाठवत नाहीत, आणि त्यांची काळजी समजण्यासारखी आहे. सावली, सूर्याचा कवडसा, दिवसा दिसणारा चंद्र यांचा अभ्यास शाळेच्या वेळेत होतो आणि त्यात कोणी मागे राहत नाही.

दुसरी, रात्रीचे आकाश निवासी शाळांकडे सोपवावे. नवोदय विद्यालये आणि कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये बहुतांशी ग्रामीण भागात आहेत. तिथे मुले-मुली रात्री मुक्कामाला असतात आणि आकाश शहरांपेक्षा काळे असते. एका लहान दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र ओळीने आठ रात्री टिपले, तरी १६१० मध्ये गॅलिलिओला जे दिसले ते त्या मुलींना दिसेल. अटल प्रयोगशाळांसाठी आज मोठी तरतूद आहे. त्यातला अल्प भाग यासाठी पुरेल. पण दुर्बीण फुटली तर वसुली कोणाकडून, हे भय आधी नियमांतून काढावे लागेल. पाहणीच्या दौऱ्यांत मी वेष्टनही न काढलेल्या दुर्बिणी पाहिल्या आहेत. नोंदवहीत त्या ‘सुस्थितीत’ असतात.

तिसरी, शिक्षकांना सोबत द्यावी. लडाखमधील हान्ले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, भारतीय ताराभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. २०२२ मध्ये त्या परिसराला आकाशाच्या अंधाराचे संरक्षण मिळाले, तेव्हा आसपासच्या गावांतील तरुण-तरुणींना दुर्बिणी आणि प्रशिक्षण देऊन ‘खगोलदूत’ करण्यात आले. पर्यटकांना तारे दाखवणे ही आता त्यांची उपजीविका आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पालाही अंधाऱ्या आकाशाच्या उद्यानाचा दर्जा मिळाला. असे खगोलदूत पर्यटकांबरोबर जवळच्या शाळांनाही लाभले, तर एकट्या पडलेल्या विज्ञानशिक्षकाला आधार मिळेल. जुन्नरजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण दरवर्षी विज्ञानदिनी ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी खुली होते. मोठ्या संस्थेने शेजारच्या शाळांसाठी दार उघडण्याचा हा नमुना देशभर नेण्याजोगा आहे.

चौथी आणि निर्णायक गोष्ट परीक्षेची. २०१६ मध्ये भुवनेश्वरला आणि २०२५ मध्ये मुंबईला आपण खगोलशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडचे यजमानपद भूषवले. आपल्या मुलांनी तिथे सुवर्णपदके मिळवली, याचा अभिमान आहेच. परंतु ऑलिंपियाड मोजक्या मुलांचे असते, दहावीची परीक्षा सर्वांची. महिनाभराच्या सावलीच्या किंवा चंद्रकलांच्या स्वतः केलेल्या नोंदींना दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनात पाच गुण मिळाले, तर शाळा आपोआप आकाशाकडे वळतील. त्या नोंदी नक्कल केलेल्या आहेत का, हे ओळखणे अवघड नाही. खऱ्या नोंदवहीत ढगाळ दिवसांच्या रिकाम्या जागा असतात.

यावर एक प्रामाणिक शंका उरते. ज्या देशात मुलांना वाचता-वजाबाकी येत नाही, तिथे ताऱ्यांची चैन कशाला? पण सावली मोजणे ही वजाबाकीच आहे, आणि पाहिलेले नेमक्या शब्दांत लिहिणे हे भाषाशिक्षणच आहे. ज्याला पाहण्याजोगे काही मिळाले आहे, तो मुलगा लिहायला अधिक लवकर शिकतो.

येत्या २ ऑगस्ट २०२७ रोजी, सोमवारी, दुपार कलताना भारताच्या मोठ्या भागातून खंडग्रास ग्रहण दिसेल. २१ मे २०३१ रोजी केरळ आणि तमिळनाडूतून कंकणाकृती ग्रहण दिसेल. २० मार्च २०३४ रोजी खग्रास ग्रहणाची छाया काश्मीर-लडाखच्या भागाला स्पर्श करील. २०२७ साली आठवीत असलेली मुलगी तोवर वीस वर्षांची मतदार झालेली असेल. या तारखा शतकानुशतके आधी सांगता येतात. मंत्रालयातून निघणाऱ्या परिपत्रकाला त्या अचानक आल्या, अशी सबब सांगता येणार नाही.

त्या परिपत्रकाचा मसुदा तीन ओळींचा असावा. ग्रहणाच्या दिवशी शाळा चालू राहतील. सूर्याकडे कोणीही उघड्या डोळ्यांनी पाहणार नाही, प्रमाणित गाळणीतून किंवा भिंतीवरच्या कवडशातच पाहावे. या सूचना पाळून ग्रहण दाखवणाऱ्या शिक्षकाला वेगळ्या परवानगीची गरज नाही. तिसरी ओळ १९९५ मध्ये माझ्या सहीने निघू शकली असती, तर गच्चीवरच्या अकरा मुलींच्या जागी मैदानावर चाळीस जणी असत्या.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)